बुधवारचा जोगवा

"हात वर करा," दिगंबर शिंपी म्हणाला. मी केले.

"एवढे नाही ओ. पोलिसानं एवढे वर केले तर चळवळ जिंकली म्हणायची."

मी पोलीस नव्हतो. मी त्या सिनेमाचा संवादलेखक होतो. पण ज्या नऊ जणांना इंग्रजांचे शिपाई व्हायचं होतं, त्यातले चौघे एसटी बंद पडून वाटेत अडकले होते, आणि त्यातल्या एकाची छाती माझ्याएवढी आहे असं कुणीतरी कळवलं होतं. म्हणून मी शेंदूरखडीच्या एकुलत्या एक शिंप्यासमोर अर्ध्या शिवलेल्या खाकीत उभा होतो. साल शहाण्णव. माझं वय सव्वीस. त्या वयात माणूस कुणाच्याही मापाला उभा राहतो.

सिनेमा बेचाळीसच्या चळवळीवर होता. तीन भूमिगत पोरं पोस्टाची थैली लुटतात आणि गावाबाहेरच्या बंद गुऱ्हाळात लपून बसतात. कुणीतरी खबर देतं, पोलीस वेढा घालतात, दोघं जागीच मरतात, तिसरा पकडला जातो. हे शेंदूरखडीत खरंच घडलं होतं, म्हणून शूटिंगही तिथंच होतं. गावाला त्याचा अभिमान होता, आणि आम्हाला लोकेशन फुकट होतं.

दिगंबर साठीच्या अलीकडचा, हडकुळा. तोंडात टाचण्या धरून बोलायचा. आम्ही त्याला गणवेशांचं काम दिलं होतं, कारण पुण्याहून कपडे आणण्यापेक्षा ते सोपं पडत होतं. याहून जास्त चौकशी आम्ही केली नव्हती.

"लेखक," तो बगलेत टाचणी लावत म्हणाला, "ह्यात गद्दार कोण दाखवलाय?"

"आहे एक. नानू शिंपी म्हणून."

"नानू."

"खरं नाव नाही वापरलं. बदललंय आम्ही."

"ग्यानूचं नानू केलंत."

"हो."

"बरंच बदललंत," तो म्हणाला. आणखी एक टाचणी लावली. मला टोचली नाही. टोचली असती तर बरं वाटलं असतं. "ग्यानू माझे वडील."

अशा वेळी काय बोलावं याचे संवाद मी तोवर लिहिले नव्हते. मी हात वर धरून उभा राहिलो.

"ते पोलिसांचे कपडे शिवायचे," दिगंबर म्हणाला. "चौकीत माप घ्यायला जायचे. म्हणून गावानं ठरवलं, ह्यानंच सांगितलं असणार. त्यांच्या हातचं कापड गावातल्या कुणाच्या अंगावर गेलं नाही पुन्हा. शेजारच्या गावच्या बाजारात मशीन घेऊन बसायचे. मी सहा वर्षांचा होतो. डोक्यावर मशीनचं चाक घेऊन मागनं चालायचो."

"मग खबर कोणी दिली?"

"मला ठाऊक असतं तर मी तुमच्या शिपायांच्या चड्ड्या शिवत बसलो असतो का?" त्यानं माझे हात खाली केले. "तुम्ही लिहिता ना? मग शिंपी नको. दुसरं काहीही करा. सावकार करा. सावकार कुठंही चालतो."

---

आमचे दिग्दर्शक सरनोबत सर गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपून विचार करायचे. डोळे मिटलेले असले तर विचार, घोरत असले तर सखोल विचार. मी त्यांना उठवून सगळं सांगितलं.

"टिळेकर," ते म्हणाले, "शिलाई मशीनच्या सुईचा क्लोजअप झालाय. सुई खाली येते, कट, पोलिसाचा बूट जमिनीवर पडतो. सुई, बूट. सुई, बूट. सावकाराचं काय खाली आणू मी?"

"पण सर, त्यानं खबर दिली याला पुरावाच नाही."

"त्यानं दिली नाही याला आहे?"

"नाही."

"मग? दोन्ही बाजू सारख्याच. आपण त्यातली जिला मशीन आहे ती घेतली." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. सरनोबत वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. "एक कर. बनाक्काला विचार. ती त्या वेळी होती. तिनं सांगितलं की शिंप्यानं केलं नाही, तर आपण बघू."

बनाक्का म्हणजे शेंदूरखडीचा झेंडा होता. मेलेल्या दोघांपैकी म्हादू हा तिचा थोरला भाऊ. त्या वेळी ती चौदा वर्षांची होती आणि भूमिगतांना भाकरी पोचवायची. कशी, ते सगळा तालुका सांगायचा, आमच्या सिनेमातही होतं. एका घरानं रोज तीन पोरांच्या भाकरी थापल्या तर धूर आणि पीठ दोन्ही नजरेत येतं. म्हणून बनाक्का देवीची परडी घेऊन जोगवा मागायला निघायची. प्रत्येक घर परडीत एक भाकरी ठेवायचं आणि वरून मूठभर पीठ टाकायचं. दारात जोगवा मागणाऱ्या पोरीला कोण अडवणार? दर पंधरा ऑगस्टला तिला पुढच्या खुर्चीवर बसवून सरपंच ही गोष्ट माइकवरून सांगायचे, आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. सगळ्यांना तो विनय वाटायचा.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर सुपात हुलगे निवडत होती. सदुसष्ट वर्षांची, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ.

"बसा लेखक. च्या घेनार?"

"नको आक्का. एकच विचारायचं होतं. ग्यानू शिंप्यानं खबर दिली होती का?"

सूप थांबलं.

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हनलं की."

"मग कोणी दिली?"

"ते कशाला पायजे तुमास्नी?"

"सिनेमाला गद्दार लागतो आक्का."

"आन नसंलच तर?"

"तर मध्यंतर कशावर करायचं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा घ्यायला हवा होता असं वाटलं. "तुमचं मध्यंतर हुकतंय म्हून ग्यानूला पुन्यांदा मारनार व्हय?"

"मग तुम्ही सांगा कोणी केलं. सरनोबत सर बदलतील."

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्या पाराम्होरच्या शूटिंगला मला बलावलंय. त्यात म्या काय करायचं?"

"गाव गद्दाराला शेण मारतं. पहिलं शेण तुम्ही मारायचं. म्हणजे खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाच्या हातानं…"

"कवा हाय?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी न्हाई जमायचं. मंगळवार शुक्रवार माजा जोगवा असतोय. त्या बिगर जोगवा मागत न्हाईत आन त्या दिवशी दुसरं काय करत न्हाईत." ती थांबली. "बेस्तरवारी घ्या म्हनावं."

मी जाऊन सरनोबतांना सांगितलं की ती म्हणते, शिंप्यानं नाही केलं.

"कोणी केलं म्हणते?"

"ते सांगत नाही."

"मग ही ऐकीव माहिती झाली," सर म्हणाले, आणि शूटिंग गुरुवारवर नेलं. एवढाच बदल त्यांनी मान्य केला.

---

गुरुवारी सकाळी नऊला पारासमोर दोनशे माणसं जमली. नानू शिंप्याचं काम करणारा नट पुण्याचा होता. त्यानं करारातच लिहून घेतलं होतं की खरं शेण चालणार नाही. त्यामुळे कलाविभागानं शाडू, भुसा आणि हिरवा रंग कालवून पाट्या भरल्या होत्या. बाजूलाच चार म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"अगं, पुन्याला शेन बी कारखान्यात हुतंय वाटतं."

"मग म्हशी काय करत्यात तिकडं?"

"नोकरी करत असतील."

दिगंबर गर्दीबाहेर उभा होता. शिपायांपैकी एकाच्या विजारीची शिवण उसवली तर हाताशी असावा म्हणून त्याला बोलावलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर घरी गेलो असतो. पण त्याच्या जागी मी कधीच नव्हतो, आणि पुढं जे झालं त्याचं कारण बहुधा तेच.

एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाचा आमचा कॅमेरा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज सिनेमात येतच नसे. माणसं नुसते ओठ हलवायची, आणि सगळे संवाद नंतर मुंबईला स्टुडिओत भरले जायचे. शूटिंगला एक साधा टेपरेकॉर्डर चालू असायचा, कोण काय बोललं ते नंतर कळावं म्हणून.

सरनोबतांनी 'अ‍ॅक्शन' म्हटलं. नट गुडघ्यावर बसून थरथरू लागला. बनाक्का पाटी घेऊन पुढं आली. तिनं हातात तो हिरवा गोळा घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि खाली ठेवून दिला. हात पदराला पुसले.

"ग्यानूनं न्हाई सांगितलं," ती म्हणाली.

नट थरथरायचा थांबला. मग कॅमेरा चालू आहे हे आठवून पुन्हा थरथरू लागला.

"म्या बुधवारी गेले," बनाक्का म्हणाली. ती नटाशी बोलत नव्हती. गावाशी बोलत होती. "मंगळवारी फौजदार चावडीत मुक्कामाला आला. दोन म्हयन्याचं बिऱ्हाड घिऊन. भ्यानं कुनी दार उघाडलं न्हाई. मंगळवारचा जोगवा चुकला. पोरं शुक्रवारच्या वाळल्या तुकड्यावर हुती. आमच्या म्हादूला भूक निघत न्हवती. लहानपनापसनं न्हवती निघत. म्हून म्या बुधवारी परडी उचलली. चावडीच्या दारात फौजदाराची बायकू हुती. तिनं बी पीठ घातलं. म्हनाली, 'अगं, आज बुधवार ना?' म्या म्हनले, आमच्यात चालतंय. ती काय वाईट न्हवती. भोळेपनानं नवऱ्याला म्हनाली असंल, ह्या गावात बुधवारी जोगवा मागत्यात. गुऱ्हाळापत्तूर शिपाई माज्या मागनं आलं. म्या येकदा बी मागं वळून बघितलं न्हाई. माजं ध्यान परडीत, भाकरी दिसू नये म्हून."

कॅमेरा दळत होता.

"बा म्हनला, तोंड उघडलंस तर गाव तुला जित्ती ठेवनार न्हाई. म्हून गप बसले. तवर तुमी ग्यानूला धरला. त्येला धरला म्हून मी वाचले." ती वळली. गर्दीबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. "दिगू, तुज्या बानं न्हाई केलं. आन मला ठावं हुतं."

दिगंबरनं हातातली विजार घडी केली. मग उलगडली आणि परत घडी केली.

एका म्हाताऱ्यानं खाली बसून डोकं धरलं. एक बाई मोठ्यानं रडायला लागली. चेहऱ्यांवर जे काही होतं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही, आणि सिनेमात तर नाहीच. तेवढ्यात रीळ संपलं. सरनोबत सर धावत गेले आणि बनाक्काच्या पाया पडले. त्यांच्या डोळ्यात खरं पाणी होतं.

"काय दिलंत आक्का! काय चेहरे दिले गावानं!"

"आता बदलनार न्हवं सिनेमा?" तिनं विचारलं.

"आता हा सिनेमा राहिलाच नाही, आक्का," सर म्हणाले. तिनं ते होकार म्हणून घेतलं. मीही घेतलं.

---

आठ महिन्यांनी मुंबईच्या एका डबिंग स्टुडिओत सरनोबतांनी मला तो तुकडा दाखवला. पडद्यावर बनाक्का गोळा खाली ठेवायची, ओठ हलवायची, वळायची. आवाज नाही. पुन्हा पहिल्यापासून.

"हे शेवटच्या भागात घालतोय," ते म्हणाले. "शब्द बसव."

"कुठले शब्द?"

"टिळेकर, मुहूर्त, सुई, बूट, पोस्टर, सगळं शिंप्यावर झालंय. पुन्हा शूट करायला निर्माता नाही, आणि बनाक्काही नाही." ती मार्गशीर्षात वारली होती. मला सरांनीच कळवलं होतं. मी कामात होतो, गेलो नव्हतो. "एवढे जिवंत चेहरे मी टाकून देऊ? सांग तू. देऊ टाकून?"

मी सांगितलं नाही. मी वही काढली.

ओठांवर शब्द बसवणं ही एक कारागिरी आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. ते जिथं मिटतात तिथं नव्या वाक्यातही मिटले पाहिजेत, नाहीतर प्रेक्षकाला कळतं. "म्या बुधवारी गेले." सात अक्षरं, पहिल्यावर मिटतात, दुसऱ्यावर मिटतात. मला दहा मिनिटं लागली. "म्या बघितलं याला." सात. नेमकं बसलं. त्यापुढचंही बसत गेलं. बनाक्काच्या तोंडून नानू शिंपी चावडीत शिरताना दिसला, फौजदाराच्या कानाला लागताना दिसला, आणि शेवटी जिथं ती दिगंबरकडे वळली होती तिथं मी एक छोटा शाप घातला. डबिंगला आलेल्या बाई नाटकातल्या मुरलेल्या होत्या. त्यांनी दोनदा तालीम मागितली आणि पहिल्याच टेकला वाक्य दिलं. काचेपलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या काही माझ्यासाठी होत्या. मला अभिमान वाटला. हे लिहायला नको होतं, पण वाटला.

त्या वर्षी एका संस्थेनं मला उत्कृष्ट संवादांसाठी पारितोषिक दिलं. निवड समितीनं "म्या बघितलं याला" या वाक्याचा खास उल्लेख केला. अस्सल मातीतलं, असं म्हटलं.

---

दिगंबर पुण्याला माझ्या खोलीवर आला तो सिनेमा लागून महिना झाल्यावर. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला.

"शूटिंगनंतर," तो म्हणाला, "गाव चांगलं वागत होतं. बायका झंपर टाकायला आल्या. मोहित्यांच्या लग्नात मला पंगतीला बोलावलं, मधल्या रांगेत. माझ्या बायकोनं ठेवणीतली साडी नेसली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गावजेवणाला. आक्का गेली तेव्हा खांदा दिला मी."

"आणि आता?"

"आता सिनेमा आला ना."

"पण सगळे हजर होते. त्यांनी कानांनी ऐकलंय."

"होते की. दोनशे माणसं होती."

"मग?"

"तेच विचारायला आलोय. ती टेप आहे का? शूटिंगची?"

टेप नव्हती. त्या टेपांवर पुढच्या सिनेमाचे आवाज घेतले होते. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, जणू त्याला कापड कमी पडणार हे आधीच दिसलं होतं.

"मग तुम्ही चला. तुम्ही शब्द घातलेत. गावापुढं सांगा की घातले. गैरसमज झाला असेल लोकांचा, दुसरं काय."

मी लगेच निघालो असं लिहायला आवडलं असतं. मला सात महिने लागले. मध्ये एक मालिका मिळाली होती.

गेलो तो बाजाराचा दिवस होता. पाराजवळ तीसेक माणसं बसली होती, सरपंच जगदाळे आण्णांसकट. बाजूच्या हायस्कूलवर नवी पाटी लागली होती, बनाक्काच्या नावाची. दिगंबर माझ्यासोबत आला आणि पाराच्या कडेला, खाली बसला. मी उभा राहून सांगितलं. बनाक्का त्या दिवशी काय बोलली ते. ओठ कसे मिटतात ते. मी दहा मिनिटांत दुसरे शब्द कसे बसवले ते. मी बराच अडखळलो. संपल्यावर आण्णांनी मला बसायला जागा दिली आणि चहा मागवला.

"लेखक," ते म्हणाले, "आमी काय भैरं न्हाई."

"म्हणजे?"

"आक्का काय बोलली ते ऐकलंय आमी. मी तिथंच हुतो, म्हशीजवळ. समद्यास्नी ठावं हाय."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"मग! बुधवारी गेली, शिपाई मागं आलं. समदं ठावं हाय." त्यांनी बशीत चहा ओतला. "पन आता आक्का न्हाई. शाळेला तिचं नाव दिलंय. उद्या पोरं इचारत्याल, गुरुजी, पोरं कशानं मेली? मग काय सांगायचं, हिच्यामुळं? चौदा वर्साची पोर हुती ती. भावाला भूक लागली म्हून गेली. तिच्या नावाला बट्टा कशाला? तुमी सिनेमात झ्याक बसवलंय. ऱ्हाऊ द्या की."

"पण ग्यानू शिंपी…"

"शिंप्याचं काय, येकच घर हाय." ते कुणाचाही अपमान करत नव्हते. हिशेबी आवाजही नव्हता तो. प्रेमळ होता. "आन दिगू काय परका हाय? आपलाच हाय. तो वाईट वाटून घेत न्हाई. काय रं दिगू?"

तीस माणसांनी खाली बघितलं, पाराच्या कडेला.

"नाही," दिगंबर म्हणाला.

"बघा," आण्णा मला म्हणाले. "च्या घ्या. गार हुतोय."

मी घेतला.

---

स्टँडपर्यंत दिगंबर माझ्यासोबत आला. गाडीला वेळ होता. आम्ही शेडखाली उभे राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "येऊन उपयोग झाला नाही."

"झाला की. मला वाटायचं, त्यांना खरं कळलं तर बदलतील. पन्नास वर्षं तेच वाटायचं. वडलांनाही तेच वाटायचं. आता तेवढं तरी संपलं."

इचलकरंजीची गाडी आली. मला तिथून पुण्याची धरायची होती. मी चढलो. तो माझ्या मागून चढला आणि शेजारी बसला.

"तुम्ही कुठं निघालात?"

"पोरगा आहे तिकडं. कारखान्यात मशीनवर. कधीपासून बोलावतोय."

"असेच? दुकान उघडं आहे तुमचं."

"असू दे. शिंप्याच्या दुकानातलं कोण नेतंय त्या गावात."

"आणि बायको?"

"ती गेलीय पुढं. लग्नाची पंगत झाल्यावर पुढच्या पंगतीला बोलावणं आलं नाही, तेव्हाच गेली. बायकांना लवकर कळतं."

गाडी घाटाला लागली. तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं झोपला. मग त्यानं विचारलं, "सिनेमात आक्काचा आवाज काढलाय, त्या बाई कोण?"

"नाटकातल्या आहेत. मुंबईच्या."

"ते वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं? बरोबर येईपर्यंत?"

"एकदाच," मी म्हणालो. "पहिल्याच वेळी बसलं."

त्यानं यावर नीट विचार केला.

"माझे वडील मरेपर्यंत म्हणत होते, मी नाही केलं म्हणून," तो म्हणाला. "रोज. उठल्यावर, जेवताना. एकदाही नाही बसलं."

फाट्यावरच्या स्टँडवर गाडी थांबली. तो उतरला, सदरा खाली ओढून सारखा केला आणि इचलकरंजीचीच, पण दुसरी गाडी कधी आहे हे विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेला. मी हाक मारली नाही. माझं तिकीट शेवटपर्यंतचं होतं, आणि मी शेवटपर्यंत गेलो.